सही करण्याआधी

चि. राजा,
अनेक आशीर्वाद.

परवा नोकरी मिळाल्याचा तुझा फोन आला आणि घरातली हवाच बदलली. बाबांनी लगेच चार ठिकाणी कळवायची तयारी केली होती, मी थांबवलं. नेमणूकपत्रावर सही होऊ दे, मग सांगा म्हटलं. पण तू बोलता बोलता एक वाक्य टाकलंस, "पगार कमी आहे गं, पण आत्ता घेतलं हेच पुष्कळ." ते काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी आस्थापना विभागात गेली. माणूस कसा घेतात ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. जागा रिकामी पडलेली असते, काम तुंबलेलं असतं, विभागप्रमुख रोज येऊन "माणूस कधी देताय" म्हणून डोकं खातो. मग मुलाखतींचा रतीब सुरू होतो. कोणाला काम येत नाही, कोणाला येतं पण तो दोन महिन्यांत पळेल अशी लक्षणं दिसतात. शेवटी एखादा जमेलसा वाटतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. बिचारा बरेच दिवस घरी बसलाय, द्या त्याला, असं म्हणून कोणाची फाईल पुढे सरकलेली मी एकदाही पाहिली नाही. तुला घेतलं ते त्यांचं अडलं होतं म्हणून. उपकार कोणी केलेला नाही.

हे मनात पक्कं धर, कारण उपकाराखाली दबलेला माणूस काही विचारत नाही. पत्र नीट वाच. मूळ पगार किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती, कपाती जाऊन हातात काय येणार, प्रोबेशन किती महिन्यांचं, त्या काळात दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची. तोंडी कबूल केलेलं काही पत्रात नसेल, तर ते ईमेलवर लिहून माग. आणि पगाराबद्दल एकदा तरी विचार. पुढची वाढ बहुतेक ठिकाणी टक्क्यांत मिळते आणि ते टक्के आजच्या आकड्यावर मोजले जातात. आज कमी आकडा घेतलास, तर पुढे वर्षानुवर्षं पगार कमीच राहतो. सभ्यपणे विचारलं म्हणून आम्ही कोणाचं पत्र मागे घेतलं नाही. फार तर नाही म्हणायचो. नाही म्हणाले तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल का, तेवढं विचारून ठेव. आणि ज्या दुसऱ्या दोन ठिकाणी तुझं बोलणं चालू आहे, त्यांना सही होईपर्यंत नकार कळवू नकोस. यात अप्रामाणिकपणा काही नाही, तेही हेच करतात.

आता थोडं मागचं. जुनी नोकरी गेल्यावरच्या त्या महिन्यांत तू आंघोळीला दुपारी उठायचास, एक फॉर्म भरायला दोन दिवस लावायचास आणि वर स्वतःलाच आळशी म्हणून शिव्या घालायचास. "घेतलं हेच पुष्कळ" त्यातूनच आलंय, असं मला वाटतं. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गाव होतं, अख्खं एका कापडगिरणीवर जगणारं. १९२९-३०च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचा बारकाईने अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांची चाल त्यांनी घड्याळ लावून मोजली, तर पुरुषांची चाल मंदावलेली आणि दर थोड्या अंतरावर थांबणं. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं, तर त्यांना तास भरता येईनात. हे सगळे कालपर्यंत गिरणीत राबणारे लोक होते. तेव्हा तुझ्या त्या दुपारींचा हिशेब नव्या साहेबापुढे मांडायची गरज नाही. "मधले महिने काय करत होतास" असं कोणी विचारलंच, तर विभाग बंद झाला, मी नोकरी शोधत होतो, एवढं एका दमात सांग आणि कामाचं बोल. लांबलचक खुलासा केला की समोरच्याला उगाच संशय येतो.

कामावर गेल्यावर पहिले काही आठवडे शरीर कुरकुरेल. संध्याकाळी जेवता जेवता डोळे मिटतील. ते होऊ दे. पण सगळ्यांत शेवटी उठायचं, रात्रीच्या प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायचं, कोणाचंही काम अंगावर घ्यायचं, असली परतफेड सुरू करू नकोस. पहिल्या महिन्यात जी सवय लावशील तीच तुझी कामाची वेळ ठरते, नंतर ती आवरता येत नाही. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात साहेबांना विचार, प्रोबेशन संपताना माझं काय काय झालेलं तुम्हाला हवंय? उत्तर लिहून ठेव. आणि साहेबांनी केबिनचं दार लावलं की आपलीच गच्छंती, असं धरून चालू नकोस. एकदा पोळलेल्याला तसं वाटतं खरं. पण दारं बंद करून लोक बहुतेक वेळा बजेटवर भांडत असतात.

पैशांचं फार लिहीत नाही. पहिला पगार अर्धवट महिन्याचा येईल, त्यावर खर्च बेतू नकोस. आधी क्रेडिट कार्डाचं फेड, त्याचं व्याज सगळ्यांत महाग. आमचे पैसे सावकाश दे.

आणि ज्या मुलाने तुला ही जागा कळवली, त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. तुम्ही फारसे मित्रही नव्हतात, पूर्वी एका टीममध्ये काही महिने होतात, एवढंच. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, तर त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं, लांबच्यांच्या कानावर वेगळं येतं. तुझ्या जुन्या ऑफिसातले काही जण अजून घरीच आहेत ना? नव्या ठिकाणी एखादी जागा निघाली की त्यांना कळव.

बाबा विचारतायत, सही कधी आहे. पेढ्यांचं त्यांचं त्यावर अडलंय.

तुझी,
आई