नाना, पोर माहेरी पोचली ती तुमच्यामुळे

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

आपल्या चार पानी मासिकाचा शेवटचा अंक काल पोस्टात पडला. वाचकांचा निरोप मी अंकातच घेतला, पण त्यात तुमच्याविषयी चार शब्द लिहू म्हटलं तर तुम्ही ते प्रुफातच खोडलेत. मुद्रक म्हणून कायद्याला जेवढी ओळ लागते तेवढीच राहू दिलीत. म्हणून हे पत्र वेगळं लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. इतकी वर्षं आपल्या हातात जे पडत होतं ते कुणाच्या जिवावर, हे वाचकांना कळलंच पाहिजे.

मला फार मोठं काही काढायचं नव्हतं. दर महिन्याला एक गोष्ट, निम्मी मराठीत आणि निम्मी अहिराणीत. एक जुनं गाणं, कानबाईचं, आखाजीचं म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गुलाबाईचं नाहीतर जात्यावरचं, पारोळा-धरणगाव-शिंदखेड्याकडच्या बायांकडून ऐकून उतरवलेलं. मागच्या पानावर एक चित्र. एवढ्यासाठी मी किती दारं वाजवली ते तुम्हाला ठाऊक आहे. एका संपादकांनी तर कागदाला हात न लावताच विचारलं होतं, "अहिराणी वाचणार कोण?"

आणि ते पहिले प्रेसवाले. मोठं गाव, मोठी मशिनं. अॅडव्हान्स मोजून घेतला आणि आखाजीच्या अंकात माझ्या गोष्टीच्या शेवटच्या चार ओळी उडवल्या. पानात बसत नव्हत्या म्हणे. विचारलं नाही, साधा फोन केला नाही. खाली त्यांची स्वतःची जाहिरात मात्र चौकटीत, ठळक. गोष्ट होती एका सासुरवाशिणीची. आखाजीला माहेरी निघते, एसटी चुकते, मग उन्हातान्हाची पायीच चालत सुटते. बोरी नदीच्या पुलापर्यंत येते आणि तिथंच छपाई संपते. महिनाभर वाचकांची पत्रं येत होती, पोरगी घरी पोचली का म्हणून. पारोळ्याकडच्या एका आजींनी नातवाकडून कार्ड लिहवून घेतलं होतं: "लेकीला असं वाटेत सोडू नये." ते कार्ड घेऊन मी जाब विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "चार ओळींनी काय बिघडतं, ताई?"

नाना, अजूनही ते आठवलं की राग येतो. सगळं आखाजीपायी चाललेलं. आपल्या खान्देशात वर्षभर लेक ज्या सणाची वाट पाहते, त्याच सणाच्या अंकात तिला पुलावर उभी करून ठेवली.

तुमच्याकडे तीच गोष्ट पुन्हा छापायला आणली तेव्हा ऐन लग्नसराई होती. टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे, कटिंगच्या मशीनखाली सोनेरी कागदाचे तुकडे, नवऱ्याकडचे लोक "मामांचं नाव राहिलं" म्हणून बसलेले. त्या गर्दीत तुम्ही माझी पानं कॉम्प्युटरवर श्रीलिपीत स्वतः टाइप केलीत. अहिराणीची अक्षरं जशी लिहिली तशीच ठेवलीत, कुठं शंका आली तर पेन्सिलीनं खूण करून विचारलंत. आधीच्या लोकांनी परस्पर "सुधारून" टाकलं होतं, त्यामुळे मला ती पेन्सिलीची खूणसुद्धा नवीन होती.

अंक घेऊन घरी आले आणि आधी शेवट पाहिला. सगळ्या ओळी होत्या. पोर दारात पोचली होती, आईनं तिच्या पायावर पाणी घातलं होतं. अक्षरही बारीक केलेलं नव्हतं. मग बसलं कसं? शोधत शोधत नजर तळाशी गेली. "लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले सुबक छापून मिळतील" ही तुमची ओळ, आणि तिच्याखालचा फोन नंबर, दोन्ही गायब. आपलं ठरलं होतं, कागदाचा दर तुम्ही थोडा कमी लावायचा आणि त्या बदल्यात ही जाहिरात दर अंकात जायची. ज्या महिन्यात तिच्यावर चार गिऱ्हाइकं आली असती त्याच महिन्यात तुम्ही ती काढलीत, आणि बिलात दर मात्र तोच कमी ठेवलात. बोलला नाहीत. मीच विचारलं तेव्हा मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "पोर माहेरले पोचाले नको का, माय?"

मला इतकी वर्षं लिहीत ठेवलं ते या वाक्यानं. लोक म्हणतात, चांगलं वागायला काही लागत नाही. मला ते पटत नाही. लग्नसराईत स्वतःची जाहिरात पुसून दुसऱ्याच्या गोष्टीला जागा करून द्यायला धंद्यातल्या माणसाला छाती लागते.

आणि गाण्यांखाली गाणारणीचं नाव नि गाव घालायचा हट्टही तुमचाच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली म्हणून ती राहिली. पण त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ मध्ये. स्वतःच्या गाण्यांचं पुस्तक त्यांना बघायलाच मिळालं नाही. वही घेऊन गावोगाव फिरताना ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. तुम्ही त्या बायांसाठी जाड कागदावर वेगळ्या प्रती काढून ठेवायचात. त्या हातात घेऊन आपल्या नावावरून बोट फिरवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, तुम्ही दुकानातून उठून कधी पाहिल्या नाहीत. म्हणून सांगते आहे.

आपलं अमळनेर शब्दांवर जीव लावणाऱ्यांचं गाव. साने गुरुजींनी इथं वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढलं, १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. १९५२ नंतर २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन पुन्हा इथं भरलं, तेव्हा मांडवात बसून मला तुम्हीच आठवत होतात. तुम्ही, अंकांचा गठ्ठा चोपड्याला आपल्या सीटखाली ठेवून नेणारे कंडक्टर भाऊ, खिडकी बंद व्हायच्या वेळीही तिकिटांवर शिक्के मारून देणाऱ्या पोस्टातल्या बाई. यांची नावं व्यासपीठावरून कुणी घेत नाही, आणि यांच्याशिवाय एक पान वाचकापर्यंत जात नाही.

बंद का करता, असं बरेच जण विचारतात. वाचक कमी झाले नाहीत, पैशाचंही अडलेलं नाही. ज्या बायांकडे मी जात होते त्यांच्याकडची गाणी उतरवून झाली. सांगायच्या होत्या त्या गोष्टी सांगून झाल्या. रेटून पानं भरता येतील, पण जिच्यासाठी तुम्ही आपली ओळ काढावी अशी गोष्ट आता माझ्याकडे नाही. त्याहून हलकं काही तुमच्या टेबलावर ठेवायचं नाही.

वाचकहो, तुम्ही कार्डं पाठवलीत, भांडलात, पोरीची चौकशी केलीत, अंक शेजारणीला वाचून दाखवलात. तुमचे उपकार विसरणार नाही. वर्गणीचे उरलेले पैसे प्रत्येकाला परत पाठवते आहे.

आणि नाना, शेवटच्या अंकाचं बिल तुम्ही अजून दिलेलं नाही. "बघू, बघू" चालणार नाही. रविवारी दुपारी येते. या वेळी कागदाचा दर पूर्ण लावा.

तुमची,
ज्या लेकीला तुम्ही 'माय' म्हणता ती
अमळनेर