बाथरूममधला पूर

नाशिक, श्रावणातला रविवार

प्रिय वैजू,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. तुझ्या व्हॉइस नोट्स सगळ्या ऐकल्या, भांडी घासता घासता ऐकल्या, पण उत्तर द्यायला बसलं की कुणीतरी "आईऽऽ" करतंच. आज दोघी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेल्यात, म्हणून सरळ कागद घेतला. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला सासूबाईंचे आहेत. तब्येती ठीक. माझं थायरॉईड आहे तिथेच.

तर, गेल्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. आमच्याकडे हा दर तासाला क्युसेकचे आकडे वाचून दाखवत होता, जसे काही दरवाजे यानेच उघडलेत. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (आपलं पूर मोजायचं माप!) कमरेला पाणी लागलं, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं. आमच्या धाकट्या ठकीने विचारलं, "गळ्याला कधी लागणार?" मी म्हटलं, "गप जेव." तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं म्हणतेस? तू राहा तिच्याबरोबर एक दिवस.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतले कपडे आत घेत होते. पॅसेजमध्ये पाय ठेवला तर पाणी! बाथरूमच्या जाळीत पायपुसणं कोंबलेलं, नळ पूर्ण सोडलेला, मध्ये देव्हाऱ्यातला पितळी मारुती आणि त्याच्या पलीकडे उलटा पाट, म्हणजे होळकर पूल. मारुतीचं फक्त डोकं वर. ठकीबाई बादलीवर बसून ओरडत होत्या, "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे!" मला हसू आलं असतं गं, पण पॅसेजमध्ये खाली सासूबाईंच्या कुरडयांची पिशवी होती. मे महिन्यात तीन दिवस गहू भिजत घालून, चीक काढून, गच्चीवर राखण करून केलेल्या कुरडया. पिशवीचं तोंड उघडंच. आत लगदा.

सासूबाई आल्या. "कुणी केलं हे?" ठकी फ्रॉकने मारुती पुसायला लागली. तेवढ्यात कुलूप वाजलं आणि मनू आली, कथ्थकच्या क्लासहून. खांद्याला घुंगरांची पिशवी, पायात ओले सँडल तसेच. तिने आमच्या तिघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "आजी, मीच तिला करायला सांगितलं होतं. माझं चुकलं."

अगं, ती घरातच नव्हती! आणि ठकी भवानी मान हलवून म्हणते, "हो, हिनेच."

सासूबाई विरघळल्या. "थोरली ती थोरलीच." यानेही संध्याकाळी भावाला फोनवर ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळ्यांना कौतुक. मला तू आठवलीस.

सप्टेंबर 2008. सराफ बाजारात पाणी शिरलंय कळल्यावर पूर बघायला जायचं डोकं कुणाचं होतं, हे आपल्या दोघींना माहीत आहे. स्कूटीवर ट्रिपल सीट, मागे तुझी धाकटी नंदू किंचाळतेय, रविवार कारंजाजवळ घसरलो. आणि घरी जाऊन तू काकांना काय सांगितलंस? "मीच नेलं दोघींना." स्कूटीची किल्ली तुझी गेली. मग माझ्याशी दिवाळीपर्यंत अबोला. मी तुला "तू सांग" म्हटलं नव्हतं, हे मी आजही म्हणते आणि मरेपर्यंत म्हणणार. स्कूटी पण तूच चालवत होतीस. असो.

पण तेव्हापासून बघतेय ना तुला. नंदूचं लग्न, नंदूचं कर्ज, नंदूचं बाळंतपण, आणि तुला काय हवंय असं विचारलं की "मला काहीही चालेल." मनूचंही तेच सुरू झालंय. खिडकीची जागा ठकीला. द्राक्षांचा शेवटचा घोस ठकीला. नवा रेनकोट आणला तर म्हणे, माझा जुना होतोय अजून. होत नाहीये, मनगटं बाहेर येतात. शाळेत बाई म्हणाल्या, "फार समजूतदार मुलगी आहे हो." मी हसून "हो" म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर पोटात गोळा आला. ठकीची मला काळजी नाही. ती पडेल, ओरडेल, दुसऱ्याला दोष देईल, जेवून झोपेल. हिचं काय करायचं?

रात्री ठकी झोपल्यावर विचारलं, "का गं खोटं बोललीस?" पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ठकी रडली की आजी चिडते. आजी चिडली की तू गप्प बसतेस. तू गप्प बसलीस की बाबा टीव्हीचा आवाज मोठा करतात." नऊ वर्षांची आहे, वैजू. आमच्या घराचं अख्खं वायरिंग पाठ आहे तिला. मी काय बोलणार? मी गप्प बसले. म्हणजे बघ.

याला सांगितलं तर म्हणतो, "शहाणी आहे तरी तक्रार, वेडी आहे तरी तक्रार." मोठ्या भावाच्या पंखाखाली वाढलेल्या माणसाला काय कळणार? म्हणून तुला विचारतेय, आणि नेहमीसारखं हसण्यावारी नेऊ नकोस. तू नऊ वर्षांची असताना तुला कुणी काय म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? "असं करू नकोस" म्हटलं तर ती तेही शहाण्यासारखं ऐकेल, हीच तर भीती आहे. रागावू? ठकीला जास्त रागावू? की मनूला एकदा काहीतरी मुद्दाम फोडू देऊ? तिने एखादी बशी आपटली तर मी पेढे वाटेन, खरंच.

बरं, तुझं नवं घर लागलं का? स्वयंपाकघराला ऊन येतं म्हणालीस, छान. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की कळव, मी येते. नोकरीचं मनावर घेऊ नकोस, तो साहेब बदलेलच.

फोन कर, पण दुपारी दोन ते तीनमध्येच, तेव्हा सासूबाई झोपलेल्या असतात. आणि यातलं नंदूला काही सांगू नकोस. ती लगेच मनूचीच बाजू घेईल आणि मग मला तिच्याशी भांडावं लागेल.

तुझी,
शुभा