सईताई परांजपे, तुमच्या टेलिव्हिजनच्या वर्षांसाठी

प्रिय सईताई,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या पहिल्या सिनेमाचं एडिट लॉक झालं, म्हणजे संकलन कायमचं पक्कं झालं. त्या रात्री घरी परतताना कुणाकुणाचे आभार मानायचे याची मनात उजळणी चालली होती, आणि पहिलं नाव तुमचं आलं. आपली कधी भेट झालेली नाही. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. आणि चारचौघांसमोरच लिहावंसं वाटलं, कारण ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटांवर माझ्यासारखे बरेच जण आज मालिकेतून सिनेमाकडे वळावं की नाही या घालमेलीत आहेत.

मी सोळा वर्षं मालिकांमध्ये आहे. आधी असिस्टंट, मग ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर), आता निर्माती. आमचं सगळं आयुष्य एपिसोडच्या बँकेवर, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या भागांच्या साठ्यावर चालतं. बँक संपली की रात्री शूट, पहाटे एडिट, संध्याकाळी टेलिकास्ट. गुरुवारी रेटिंग आलं की कथेचा चालू ट्रॅक मोडायचा आणि शुक्रवारी नवा उभा करायचा. या कामाची मला कधीच लाज वाटली नाही. पण तीन वर्षांपूर्वी सिनेमाची संहिता घेऊन एका निर्मात्यांकडे गेले, तर पहिलं पानही न उलटता ते म्हणाले, ‘मालिकावाल्यांना सिनेमा जमत नाही हो, हातालाच तशी सवय लागलेली असते.’ घरी आले, संहिता कपाटात टाकली आणि आठ महिने ते कपाट उघडलं नाही.

मग एका मैत्रिणीने ‘सय’ हे तुमचं आठवणींचं पुस्तक हातात ठेवलं. सिनेमांच्या आठवणी असतील म्हणून वाचायला घेतलं आणि अडकले ती दिल्ली दूरदर्शनच्या दिवसांत. तोवर तुम्ही म्हणजे ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ या सिनेमांच्या दिग्दर्शिका, एवढंच मला ठाऊक. त्याआधी तुम्ही कितीतरी वर्षं दूरदर्शनच्या निर्मात्या होतात, १९७२ साली ‘द लिटल टी शॉप’ या टेलिफिल्मला तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला होता, मग ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ हे मुलांचे सिनेमे आले, हे सगळं माझ्या गावीच नव्हतं. तुमचा जन्म १९३८चा. बोटांवर हिशेब केला. ‘स्पर्श’ झाला तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडली होती. हे वाचत होते तेव्हा मीही एक्केचाळीस पूर्ण केली होती. त्याच संध्याकाळी कपाट उघडलं.

‘चष्मेबद्दूर’चं बीज तुमच्याच एका टेलिफिल्ममध्ये होतं, हे कळलं तेव्हा तर मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. छोट्या पडद्यासाठी केलेलं काम वाया जात नाही, ते मुरतं आणि पुढे कामाला येतं, असं मला कुणी तोंडाने सांगितलं असतं तर पटलं नसतं. मग तो सिनेमा पुन्हा लावला. एक मुलगी धुण्याची पावडर विकायला दारात येते, बादलीत फेस करून दाखवते, आणि बघता बघता तिथूनच प्रेमकथा सुरू होते. एक खोली, दोन माणसं, हाताशी एक वस्तू. अहो, हे तर आमचं रोजचं भांडवल! मी इतकी वर्षं त्याला तुटपुंजेपणा समजत होते.

पण खरी मदत झाली ती एडिटच्या टेबलावर. माझ्या सिनेमात पोळीभाजी केंद्र चालवणारी एक बाई आहे. मुलगा तिला न विचारता केंद्राच्या दारावरची पाटी बदलतो. ती काही बोलत नाही, फक्त पोळी लाटत राहते. मी सवयीने तिचे तीन क्लोजअप घेतले होते आणि खाली सतार घातली होती. प्रसंग काही केल्या बसेना. रात्री अकरा वाजता एडिटरला म्हटलं, थांब, आधी ‘स्पर्श’ बघू. त्यातला कॉफीचा प्रसंग. अंध मुख्याध्यापकाच्या ऑफिसात नायिका, कविता, आपणहून कॉफीला हात लावते, आणि पाहुण्याची सरबराई स्वतः करणाऱ्या त्या माणसाला ते सहन होत नाही. त्या दोघांमधलं पुढचं सगळं भांडण तिथे एका कपात मावलेलं आहे. मदत हवी, पण दया नको, हे तुम्ही भाषणातून सांगत बसला नाहीत. आम्ही तो प्रसंग चार वेळा पाहिला. मग तिन्ही क्लोजअप काढले, सतार काढली, आणि फक्त लाटण्याचा आवाज ठेवला. एकदाच पोळी फाटते आणि ती गोळा मोडून पुन्हा लाटायला घेते. तेवढंच. एडिटर बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून चहा घेऊन आला.

ज्या सवयीला ते निर्माते नावं ठेवत होते, तिनेही मला हात दिला, हेही तुम्हाला सांगायचं आहे. शूट बावीस दिवसांत उरकलं. पाऊस आला तेव्हा युनिट बसवून ठेवलं नाही, दुपारीच आतले सीन काढले. कलाकार एकदाही ताटकळले नाहीत. हे सगळं मालिकेनेच शिकवलेलं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त धीर देते. ‘स्पर्श’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, तुमच्या पटकथेला वेगळं, पुढे ‘कथा’लाही सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान. एवढं झाल्यावर तुम्ही १९८४मध्ये दूरदर्शनसाठी ‘अडोस पडोस’ ही मालिका केलीत, त्याच्या पुढच्या वर्षी ‘छोटे बडे’. टेलिव्हिजनला तुम्ही कधी मागे टाकून आलेलं घर मानलं नाहीत, आणि त्यानंतरही ‘दिशा’सारखा सिनेमा केलात. सिनेमा झाल्यावर मालिकेवर परत गेले तर लोक काय म्हणतील, या विचाराने मी कितीतरी रात्री कुढत काढल्या होत्या. आता नाही कुढत.

सिनेमाच्या नामावलीत ऋणनिर्देशाच्या पाटीवर तुमचं नाव पहिलं घातलं आहे. न विचारता घातलं, त्याबद्दल क्षमा असावी. सोमवारपासून माझी नवी मालिका सुरू होते आहे, सकाळी सातचा कॉल आहे.

तुमची कृतज्ञ,
एक मालिकावाली