टेकडीवर सायकल जरूर, पण पावसात नको

कोथरूडहून पंधरा-वीस मिनिटे पेडल मारले की वेताळ टेकडीचा चढ लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीचा हा पुणे शहरातला सर्वांत उंच भाग. दगडगोट्यांच्या पायवाटा इतक्या जवळ असणे हे आम्हा माउंटन बाइकवाल्यांचे भाग्यच. मीही रविवारी पहाटे तिथेच असतो, त्यामुळे ही तक्रार आधी स्वतःविरुद्ध आहे.

पावसाने मुरमाड माती मऊ झाली की उतारावर ब्रेक दाबलेले चाक फिरत नाही, घसरते आणि चर पाडते. पुढच्या सरीचे पाणी त्याच चरातून धावते आणि वाटेचा ओघळ होतो. मग चालणारे बाजूच्या गवतातून नवी वाट पाडतात. मोरासारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी नेमके याच दिवसांत, याच गवतात असतात.

मोठ्या पावसानंतर निदान दोन दिवस सायकली घरीच ठेवाव्यात. वनविभाग आणि महापालिकेने एक-दोन वाटा सायकलींसाठी ठरवून द्याव्यात. तिथे आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढता येईल. श्रमदानाला आम्ही फावडी घेऊन येऊ. आणि हो, सायकलीला घंटी हवीच. लाखभराची सायकल घेणाऱ्यांना म्हणे घंटीचे वजन जड होते! वळणावर अचानक चाक समोर आल्यावर दचकणाऱ्या आजोबांना विचारा.

– एक सायकलस्वार, कोथरूड, पुणे