गुडघा बसून राहिल्यानं बरा होत नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गुडघा कटकट वाजतो म्हणून तू चालणंच सोडलंस, हे मला अजिबात पटलेलं नाही. दुखत नसेल, सूज नसेल, तर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. त्यानं सांधा झिजत नाही.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातूनच होतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव चमचाभरसुद्धा नसतो. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दबते, उचललं की द्रव ओढून घेते. दिवसभर पलंगावर बसलीस तर तिला मिळणार काय? शिवाय मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो. चालताना धक्का झेलतो तो हाच, त्यामुळे तो कमजोर झाला की भार थेट सांध्यावर येतो.

म्हणून पाय लांब करून बस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि गुडघ्यानं ती खाली दाब. 5 अंक मोजेपर्यंत धरून सोड. प्रत्येक पायाला 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास मात्र रोखायचा नाही.

गुडघा जितका खोल दुमडतो तितका वाटीमागचा दाब वाढतो. त्यामुळे विळीवर बसून चिरणं बंद, ओट्याशी उभी राहून चीर. उकिडवं बसणंही नको.

बाबा, अजिंक्यतारा चढा, पण सावकाश, आणि उतरताना गाडीनं या. गडावर रस्ता जातोच. उतारावर मांडीचा तोच पुढचा स्नायू ताणलेला असताना अंगाचं वजन रोखून धरतो, म्हणून वाटी जास्त दाबली जाते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक लोक नेमकी उलटी धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वजन 1 किलो उतरलं तर गुडघ्यावरचा भार दर पावलाला साधारण 4 किलोंनी कमी होतो, तेव्हा रात्रीची चपाती एक कमी चालेल.

बीपीच्या गोळ्यांबरोबर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गुडघा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला किंवा अडकून सरळच होईना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुमची लेक