दुसऱ्या एमआरआयबद्दल आभार

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

पेशंटच्या घरचे आभार मानतात ते सर्जनचे, फार तर कॅन्सरच्या डॉक्टरांचे. एमआरआय वाचून रिपोर्टखाली सही करणारं तुमच्यासारखं कुणी रेडिओलॉजिस्ट असतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांच्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या गाठीला शेक (रेडिएशन) देऊन झाला होता, केमोच्या गोळ्याही संपल्या होत्या. रक्त जायचं थांबलं, जेवण जायला लागलं. आता ऑपरेशनची तारीख घ्या आणि मोकळे व्हा, असं घरात सगळ्यांचं मत. एमआरआय आधी झालाच होता, मग परत कशाला? तुम्ही म्हणालात, "सर्जनला आजची गाठ काढायचीय, शेकाआधीची नाही." बरं, दुसरा एमआरआय लगेच काढायलाही तुम्ही तयार नव्हता. सूज उतरायला वेळ लागतो, शेक संपल्यावरही गाठ कितीतरी आठवडे आक्रसत राहते, म्हणून ही तपासणी साधारण ६ ते १२ आठवड्यांनी करतात. ते थांबणं आम्हाला जड गेलं, खोटं कशाला बोलू.

जुनी सीडी आणाच, असा तुमचा आग्रह का होता ते दोन्ही एमआरआय स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्यावर कळलं. डावीकडे करडा गोळा, गुदाशयाभोवतीच्या चरबीतून पुढे सरकत तिच्या बाहेरच्या पातळ पडद्याला टेकलेला. उजवीकडे त्याच जागी काळ्या रेघा आणि एका कोपऱ्यात जरासा करडा ठिपका. तुम्ही माऊसने अंतर मोजलंत. गाठ पडद्यापासून १ मिलिमीटरच्या आत असली, की कापताना तिचा अंश मागे राहायची भीती असते. आता अंतर त्याहून बरंच जास्त होतं. शेजारच्या शिरेत शिरलेला करडा धागाही काळा पडला होता. छाती-पोटाच्या सीटीत नवीन काही नाही, हेही तिथेच सांगून टाकलंत.

तेवढ्यात भावाने विचारलंच, "मग ऑपरेशन टळेल का?" तुम्ही त्याला उडवून लावलं नाहीत. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं, ज्यांची गाठ पूर्ण विरघळली आणि ज्यांना ऑपरेशन न करता नजरेखाली ठेवलं. पण त्यासाठी बोटाने केलेली तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय, तिघांनीही 'काही उरलं नाही' म्हणायला हवं. इथे तो करडा ठिपका होता. आणि काळं दिसतं तो व्रण, पण व्रणात थोड्या जिवंत पेशी दडून बसल्या तर एमआरआयला त्या दिसत नाहीत. शेकानंतर गाठ भिंतीत किती खोल उरलीय हे सांगताना तो पहिल्या वेळेपेक्षा जास्त चुकतो, असंही तुम्ही आपणहून सांगितलंत. आपल्या मशीनला काय दिसत नाही हे इतकं स्पष्ट बोलणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं. त्यानेच खरा भरवसा बसला.

पहिल्या एमआरआयनंतर प्रोस्टेटचा भागही काढावा लागेल की काय, अशी सर्जनना शंका होती. दुसरा एमआरआय तुम्ही त्यांच्या मीटिंगमध्ये बसून दाखवलात आणि तो बेत मागे पडला. बाबांची लघवी आज व्यवस्थित आहे. त्यात सर्जनच्या हाताचं श्रेय आहेच, पण हात कुठे थांबवायचा हे त्यांना आधी माहीत होतं. काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला: कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडांवर गाठीचा अंश नाही; व्रणात थोड्या जिवंत पेशी.

आणखी एक. मशीनच्या बोगद्यात बाबांचा जीव घाबरा व्हायचा. दर वेळी आवाज सुरू व्हायच्या आधी "काका, आता जरा खडखड होईल हं" असं माइकवरून सांगणारे तुमचे टेक्निशियन दादा, त्यांनाही आमचे आभार नक्की सांगा. पोटावरची तात्पुरती पिशवी काढायचं ऑपरेशन अजून व्हायचंय. त्याआधीच्या तपासण्या तुमच्याकडेच करायच्या, असं बाबांनी परस्पर ठरवूनही टाकलंय.

आपली,
एका पेशंटची मुलगी