मित्राच्या गोड बातमीला उत्तर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

"घरात गोड बातमी आहे" अशी सुरुवात करून दुसऱ्याच ओळीत नव्याने निघालेल्या मधुमेहाचा रिपोर्ट, 'एचबीए१सी ८.१ टक्के', लिहिणारा माणूस पन्नाशी उलटली तरी सुधारलेला नाही, हे पाहून बरं वाटलं. पण शेवटी तू "आता काय काय बंद करू?" असं विचारून जी यादी जोडली आहेस, ती वाचून वाटलं की पाणी सोडून सगळंच बंद करायचा तुझा बेत दिसतोय. ती यादी फाडून टाक. अशा याद्या पंधरवड्यात मोडतात, मग माणसाला अपराधी वाटायला लागतं, आणि अपराधी माणूस साखर मोजायच्या मशीनला हात लावायचं टाळतो. मधुमेहात खरा घोळ तिथून सुरू होतो.

आधी तो ८.१ समजून घे. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोषवारा असतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा. ८.१ म्हणजे सरासरी साखर १८६ च्या आसपास, ७ म्हणजे १५४ (रक्तातल्या साखरेचे हे आणि पुढचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). दर महिन्याला ही तपासणी करण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी कर, आणि आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी. आणखी एक गोष्ट रिपोर्टवर कुणी लिहीत नाही: लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर कमी. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच तो वाचायचा.

आता ग्लुकोमीटर. बहुतेक जण सकाळी उठून उपाशीपोटी एक आकडा बघतात, दिवसाचा मूड त्यावर ठरवतात आणि डबा बंद करतात. तो एकटा आकडा ताटाबद्दल फारसं काही सांगत नाही. पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साखर सोडतं, आणि तू रात्री कितीही शहाण्यासारखा जेवला असलास तरी सकाळचा आकडा चढलेला दिसू शकतो. मग लोक रात्रीच्या जेवणाला शिक्षा देतात! तू जोडीने तपास: पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. 'जेवण संपल्यापासून' नव्हे, ही चूक सर्रास होते. सर्वसाधारण लक्ष्य जेवणाआधी ८० ते १३०, नंतर १८० च्या आत. तुझं नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील. दोन आकड्यांतला फरक ५० च्या आत राहिला तर ते ताट तुला मानवलं, असा ढोबळ हिशोब धर. फरक ९० आला तर वहीत लिही, आणि पुढच्या वेळी त्याच ताटात एकच गोष्ट बदल. भात कमी केला, चाललासही आणि डाळही वाढवली, तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

टोचण्याचीही रीत आहे. हात साबणाने धू आणि पूर्ण कोरडे कर. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा फुगतो, बोट ओलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडा पडतो. हात कोमट पाण्याने धुतला की रक्त सहज येतं. बोटाच्या मधोमध टोचू नकोस, तिथे दुखतं; कडेला टोच आणि दर वेळी बोट बदल. थेंब येईना म्हणून बोट पिळत बसलास तर रक्ताबरोबर उतींमधलं पाणी येतं. हात खाली सोड, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळ. आणि एवढं करूनही मशीन तंतोतंत नसतं: मान्यताप्राप्त यंत्रालाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे जायची मुभा आहे. खरी साखर १६० असेल तर १३६ ते १८४ मधलं काहीही दिसू शकतं. म्हणून लागोपाठ दोनदा टोचून १२ चा फरक आला की कंपनीच्या नावाने बोटं मोडू नकोस. ती पुढच्या तपासणीला लागतील.

ताटाचं म्हणशील तर साखरेच्या डब्यापेक्षा पिष्टाकडे (स्टार्चकडे) लक्ष दे. १५० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदकं असतात, पावाच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५, मध्यम सफरचंदात २५, २०० मिलिलिटर दुधात १०. पहिला महिनाभर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापर. नंतर डोळ्याला सवय होते. पण काटा न वापरता 'थोडासाच घेतला' म्हणणाऱ्यांचा थोडासा हा दर आठवड्याला वाढत जातो. नऊ इंची ताट घेतलंस की अर्ध्यात पिष्ट नसलेल्या भाज्या, एक चतुर्थांशात प्रथिनं आणि उरलेल्या चतुर्थांशात भात, पाव किंवा बटाटा. बटाटा भाजीच्या खात्यात घालायचा नाही. डाळ प्रथिनांत धरतात खरी, पण १०० ग्रॅम शिजलेल्या डाळीत २० ग्रॅम कर्बोदकंही असतात. सोबत चोथा भरपूर असल्यामुळे साखर हळू चढते, एवढंच.

क्रमालाही महत्त्व आहे. तेवढंच जेवण, पण आधी भाजी आणि प्रथिनं, दहा मिनिटांनी भात: दोन तासांचा आकडा बहुतेकांचा खाली येतो, कारण जठर सावकाश रिकामं होतं. यात काही सोडावं लागत नाही, म्हणून हा प्रयोग सगळ्यात आधी कर. त्यानंतर जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत १० ते १५ मिनिटं चालून बघ. चालणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात, आणि हे गोळीशिवाय, फुकटात. थंड करून पुन्हा गरम केलेल्या भाताचं जे कौतुक ऐकतोस ते अगदीच खोटं नाही, पण परिणाम छोटा आहे. करायचंच तर भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेव आणि वाफ येईपर्यंत गरम कर. बाहेर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात की साखरेची काळजी करायला उसंत मिळणार नाही.

'शुगर फ्री' बिस्किटांचा पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाच. 'पैकी साखर' ही ओळ सोड, वरची 'एकूण कर्बोदकं' बघ, आणि आकडे १०० ग्रॅमचे आहेत की दोन बिस्किटांचे तेही बघ. मैदा साखर नसतो, पण पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. मधाचंही तेच, त्यात सुमारे ८० टक्के साखरच आहे. फळ खा, रस पिऊ नकोस.

तुला मेटफॉर्मिन सुरू केलंय. ते जेवणासोबतच घे. पहिले काही आठवडे पोट कुरकुर करेल. फारच झालं तर गोळी सोडून न देता डॉक्टरांकडे सावकाश विरघळणारी गोळी माग. वर्षानुवर्षं घेतल्यावर ब१२ कमी होऊ शकतं, आणि पायाला मुंग्या आल्या की सगळे मधुमेहाला दोष देतात. म्हणून ब१२ अधूनमधून तपास. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. पण उद्या ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी जोडली, तर जेवण चुकवणं महागात पडेल. घाम, थरथर, अचानक भूक आणि उगाच चिडचिड (तुझी नेहमीची सोडून) ही लक्षणं. ७० च्या खाली दिसलं की १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार सपाट चमचे साखर पाण्यात, किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस. हो, रसाचा एवढाच उपयोग. १५ मिनिटं थांब, पुन्हा तपास, गरज पडल्यास पुन्हा घे, मग काहीतरी खा. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेची वाट अडवते. आणि कर्बोदकं सावकाश पचू देणारी अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर फुटत नाही, तेव्हा ग्लुकोजच लागतं. वहिनींना एवढं सांगून ठेव की माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

ताप किंवा उलट्या असतील तर न जेवताही साखर चढते, आणि शरीरातलं पाणी कमी झालं असताना काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कुठल्या, ते आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे.

डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून आत्ताच तपासून घे; हा मधुमेह कळण्याआधी काही वर्षं आत मुक्कामाला असू शकतो. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपास, ते ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या आत हवं. हे दोन्ही दर वर्षी. रोज रात्री पायाचे तळवे आरशात बघ, पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव, क्रीम तिथे लावू नकोस. बूट घालण्याआधी आत हात फिरव. संवेदना कमी झाली की आतला खडाही कळत नाही.

आता तुझा आवडता विषय, विनोद. जपानमधल्या संशोधकांनी २००३ साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापला. १९ मधुमेहींना एका दिवशी जेवणानंतर रटाळ व्याख्यान ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जेवणानंतर विनोदी कार्यक्रम दाखवला. व्याख्यानाच्या दिवशी साखर सरासरी १२३ नी वाढली, हसण्याच्या दिवशी ७७ नी. लगेच नाचू नकोस. माणसं मोजकी, आणि दिवसांचा क्रम उलटून पाहिलेला नाही. व्याख्यानाने साखर वाढते असाही निष्कर्ष काढता येईल, आणि काही वक्ते आठवले की तोच जास्त पटतो.

माझ्या मते विनोदाचा उपयोग वेगळा आहे. २४० आकडा दिसल्यावर "वा, कालचं लग्न पचलेलं नाही" म्हणून जो वहीत लिहितो, तो उद्याही तपासतो. जो कपाळाला हात लावतो, तो मशीन कपाटात ठेवतो. सल्लागारांसाठीही विनोद ठेव: कडू ते सगळं साखरेवर औषध, असं मानणारे भेटतील. त्यांना म्हण, "मग माझ्या साहेबांचं बोलणं दिवसातून दोनदा घेतो." हसून विषय संपतो, गोळी चालू राहते. फक्त विनोदाआड लपू नकोस. दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, झोप बिघडली, तर तेही डॉक्टरांना सांग. मधुमेहींत नैराश्य जास्त आढळतं आणि त्यावर उपचार आहेत.

पुढच्या भेटीला वही घेऊन जा. डॉक्टरांना नुसतं "साखर जास्त असते" सांगण्यापेक्षा "भातानंतर ९० नी वाढते, चाललो की ४० नी" असं सांग. औषधाचा डोस ठरवायला त्यांना हेच लागतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय

ता. क. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपच्या डबीवर ती उघडल्याची तारीख पेनने लिही. काही स्ट्रिप उघडल्यावर ठरावीक महिनेच चालतात, किती ते डबीवर छापलेलं असतं. झाकण लगेच घट्ट लाव आणि डबी गरम गाडीत विसरू नकोस. दमट स्ट्रिपने दाखवलेल्या आकड्यावर जेवण कमी करणारे फार आहेत.